साथीच्या दिवसांतले घर

श्रोतेहो, आज एका साध्या प्रश्नाने सुरुवात करतो. उद्या सकाळी तुमचा आठवडे बाजार बंद झाला, एस.टी. बंद झाली, तालुक्याच्या गावी जायला मनाई झाली, तर तुमचे घर किती दिवस चालेल? "चालेल की दोन महिने" असे चटकन म्हणू नका. घरात जा आणि एकेक जिन्नस मोजून पाहा. ज्वारी असेल चार महिन्यांची, पण तेल असेल आठ दिवसांचे. डाळ असेल महिन्याची, पण मीठ परवाच संपणार असेल. जो जिन्नस सर्वांत आधी संपतो त्यासाठी उंबरठा ओलांडावा लागतो. तेव्हा कणगी कितीही भरलेली असली तरी घराची खरी ताकद त्या सर्वांत तुटपुंज्या जिनसेइतकीच असते.

हा प्रश्न काही कल्पनेतला नाही. ११ मार्च २०२० रोजी करोनाची साथ जगभर पसरल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. २२ मार्चला आपल्याकडे एक दिवसाची जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून सारा देश टाळेबंदीत गेला. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. दारात गुढी होती, पण शेजाऱ्याच्या दारात जायला माणूस कचरत होता. बाजार बंद, शाळा बंद, मुंबई-पुण्याची वाट बंद. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. 'स्वावलंबन' हा शब्द आम्ही वर्गात वापरतो तो देशाच्या आयात-निर्यातीसंबंधी. त्या उन्हाळ्यात मात्र तो शब्द थेट स्वयंपाकघरात आला आणि त्याचा अर्थ एवढाच उरला, की आज बाहेर पडावे लागणार आहे की नाही?

म्हणून साथीच्या काळातले स्वावलंबन मोजायला मी एकच माप सुचवतो: बंद दाराचे दिवस. धान्य वाळवणे, डाळ करणे, भाजी लावणे, कोंबडी पाळणे, बी धरणे ही आपली रोजचीच कामे. त्यातले प्रत्येक काम आपल्याला गर्दीपासून किती दिवस दूर ठेवते, एवढेच पाहायचे.

आता दार बंद ठेवायचे ते कशासाठी, हेही नीट समजून घेतले पाहिजे. प्रत्येक साथीला एकच उपाय चालत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले आणि पुढे कित्येक वर्षे तो रोग महाराष्ट्रात गावोगाव फिरला. तेव्हा लोक घर धरून बसत नसत. घरात उंदीर मरून पडू लागले, की गाव सोडून रानात, माळावर झोपड्या घालून राहत. प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमार्फत येतो. तेव्हा उंदरांचे घर सोडणे हाच शहाणपणा होता. करोना येतो तो माणसाच्या श्वासातून, खोकल्या-शिंकेतून, कोंदट जागेतल्या हवेतून. म्हणून इथे घरात थांबणे, खिडक्या उघड्या ठेवणे आणि गर्दी टाळणे हा शहाणपणा ठरला. रोग कोणत्या वाटेने येतो ते आधी ओळखावे आणि मग घरात राहायचे की माळावर जायचे ते ठरवावे.

दुसरी गोष्ट साठ्याची. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. जूनमध्ये ती मुंबईत दिसली, थोडी ओसरली आणि सप्टेंबरात फार मोठ्या जोराने परतली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. खरीप बुडाला, धान्य महागले, वैरण मिळेना. म्हणजे साथ आली ती रिकाम्या कणग्यांच्या आणि उपाशी माणसांच्या घरी. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. भुकेले शरीर तापाला तोंड देऊ शकत नाही, आणि घरात दाणा नसलेला माणूस घरी थांबू शकत नाही. २०२० ची टाळेबंदी आली चैत्राच्या पहिल्या दिवशी. रब्बीचा गहू, हरभरा, ज्वारी शेतातून खळ्यावर आणि खळ्यावरून घरात येत होती. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्या हातात निदान दाणे होते, आणि वाळवणाचे ऊनही पुढ्यात होते. हा केवळ योग. पुढची साथ चैत्र पाहून येईल असे कोणी सांगावे? ती भर आषाढात येईल, नाहीतर दुष्काळाच्या वर्षी येईल. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही म्हणतात, ते यासाठीच.

आता एकेक काम घेऊ. पहिले धान्याचे. पाच माणसांच्या घराला भाकरी, पोळी आणि भात मिळून रोज साधारण दोन किलो धान्य लागते. महिन्याला साठ किलो. तीन महिन्यांना एकशे ऐंशी किलो, म्हणजे दोन क्विंटलच्या आतच. डाळ रोज पाव किलो धरली तर महिन्याला साडेसात किलो. तेल तीन किलोच्या आसपास, मीठ दीड किलो. हिशेब ढोबळ आहे. आपापल्या घराप्रमाणे कमीजास्त करावा. पण कागदावर लिहून करावा.

नुसते धान्य असून चालत नाही, ते टिकले पाहिजे. धान्य खराब होते ते मुख्यतः ओलीमुळे. दाण्यात शंभराला बाराहून अधिक भाग पाणी राहिले, की सोंडे किडे आणि बुरशी यांना सुगीच. घरी यंत्र नसते, पण दात असतात. वाळलेला दाणा दाताखाली कट्‌कन फुटतो. ओला दाणा दबतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दोन-तीन दिवस पातळ पसरून, मधूनमधून हात फिरवून धान्य वाळवावे आणि ते गार झाल्यावरच भरावे. ऊन-ऊन धान्य कोठीत घातले, तर आत घाम सुटून ओल धरते. जुन्या गोण्या उकळत्या पाण्यातून काढून कडकडीत वाळवाव्यात. गोण्या भिंतीला टेकवू नयेत. खाली फळ्या घालून, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचाव्यात. नव्या धान्यात जुने मिसळू नये, नाहीतर जुन्याची कीड नव्याला लागते. निंबाचा पाला वाळवून घालण्याची आपली रीत चांगली आहे, पण तो ओल्या धान्याला तारू शकत नाही. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या राहत्या घरातल्या धान्यात कधीही ठेवू नका. त्या गोळ्यांचा वायू झोपेत माणसे मारतो.

कडधान्याचे थोडे वेगळे आहे. मूग, चवळी, तूर यांना भुंगा लागतो. त्याची अंडी पुष्कळदा शेतातच शेंगेवर घातलेली असतात आणि दाण्याबरोबर ती घरी येतात. अख्खा दाणा भुंग्याला आवडतो. डाळ केली की त्याचे फारसे चालत नाही. म्हणून आपल्या आज्या उन्हाळ्यात डाळी करून ठेवत, त्यात चवीपुरतेच कारण नव्हते. अख्खे कडधान्य ठेवायचेच असेल, तर खूप वाळवून, किलोला चमचाभर एरंडेल हाताने चोळून ठेवावे. तेलाच्या पातळ थरामुळे अंड्यातली कीड गुदमरते.

आता वाळवण. साथ म्हणजे भाजीबाजार बंद, आणि उन्हाळ्यात शेतात भाजी कमी. अशा वेळी सांडगे, कुरडया, पापड, वाळवलेली गवार, कारल्याच्या चकत्या, आमसुले, लोणचे हे सारे जेवणाला हात देतात. यामागचे शास्त्र एका वाक्यात सांगता येते. अन्न नासवणाऱ्या सूक्ष्म जीवांना जगायला पाणी लागते. वाळवणात आपण ते पाणी उन्हाने काढतो, लोणच्यात ते मिठाने बांधून ठेवतो. कुरडईचेच पाहा. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, गाळून रात्रभर स्थिर ठेवायचा, वरचे पाणी ओतून टाकायचे, चीक शिजवायचा, सोऱ्याने कुरडया घालायच्या आणि खुळखुळ वाजेपर्यंत वाळवायच्या. इतका खटाटोप करून हाती येतो तो वर्षभर टिकणारा पदार्थ. मुगाच्या सांडग्यांची आमटी तर भाजीही होते आणि डाळही. कांदा मात्र वाळवायचा वेगळ्या रीतीने. काढल्यावर पात सुकू द्यावी, दोन बोटे मान ठेवून कापावी आणि सावलीत, हवेशीर जागी पातळ थरात ठेवावा. रांगडा कांदा फार टिकत नाही. उन्हाळी कांदा चार-पाच महिने टिकतो.

तिसरे काम परसबागेचे. इथे पुष्कळांची गडबड होते. साथ आली की लोक हाताला लागेल ते बी पेरतात. ऋतू पाहिला पाहिजे. उन्हाळ्याच्या कडाक्यात मेथी-पालक नीट येत नाहीत. त्या हिवाळ्याच्या भाज्या. उन्हाळ्यात तांदुळजा घ्या, तो महिन्याच्या आत ताटात येतो. गवार, भेंडी, चवळी यांना दीड ते दोन महिने लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर दोडका, दुधी, कारले, वाल यांची आळी करून वेल मांडवावर किंवा कुडावर चढवावेत. तांदुळजा एकदम सगळा पेरू नये. दर आठ-दहा दिवसांनी हातभर वाफा पेरावा, म्हणजे भाजी एकाच दिवशी भारंभार न येता रोज थोडी थोडी येते. आणि दारात एक शेवगा हवाच. पाणी कमी पडले तरी तो तग धरतो. शेंगा नसल्या तर पाल्याची भाजी होते.

"पाणी कुठून आणायचं?" हा प्रश्न मला दुष्काळी भागातल्या श्रोत्यांकडून हमखास येतो. त्याचे उत्तर न्हाणीत आहे. पाच माणसांच्या आंघोळीला माणशी वीस लिटर धरले, तरी रोज शंभर लिटर पाणी मोरीतून जाते. ते विटांचे तुकडे, जाड वाळू आणि कोळसा भरलेल्या छोट्या खड्ड्यातून गाळून चरीने परसात न्यावे. अळू, केळ, कढीपत्ता, शेवगा यांना हे पाणी उत्तम चालते. पालेभाजीच्या पानांवर मात्र ते शिंपडू नये, आणि कपड्यांच्या सोड्याचे पाणी भाजीला अजिबात देऊ नये. सांडपाणी असे मुरले, की दारातले डबके जाते आणि त्याबरोबर डासही कमी होतात. एका साथीची तयारी करताना हिवताप आणि डेंगी यांचाही थोडा बंदोबस्त होतो.

चौथे काम कोंबड्यांचे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीच्या मांसातून करोना होतो अशी अफवा उठली. ती साफ खोटी होती, पण त्या अफवेने ब्रॉयलरचा भाव मातीमोल केला. विकत घेतलेल्या खाद्यावर हजारो पक्षी पोसणाऱ्यांचे दिवाळे निघाले. गावरान कोंबडी वेगळी. ती उकिरडा, वाळवी, खरकटे आणि सांडलेले दाणे यांवर जगते. अर्थात तिच्याकडून भलती अपेक्षा नको. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. पाच कोंबड्या असल्या तरी रोज एक अंडेसुद्धा पडत नाही. पण ते अंडे घरातल्या आजारी माणसाला किंवा पोटुशीला देता येते, त्यासाठी बाजार गाठावा लागत नाही. कोंबडी खुडूक झाली, की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवावीत. सातव्या दिवशी रात्री अंड्यामागे विजेरी धरून पाहावे. आत तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर पिल्लू आहे. अंडे स्वच्छ दिसले तर ते वांझ, काढून टाकावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, हिची लस वेळेवर दिली नाही तर एका आठवड्यात खुराडे रिकामे होते. लस पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. कोंबडीलासुद्धा साथ असते, आणि तिच्याही साथीला लसच लागते, हे ध्यानात ठेवा.

पाचवे काम बियाण्याचे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन उगवले नाही म्हणून शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर तक्रारी केल्या. आदल्या वर्षी, ऐन काढणीच्या वेळी झालेल्या पावसाने बियाणे बिघडले होते. सोयाबीनची साल पातळ असते. ओलीने, आपटण्याने, उंच थप्पीच्या दाबाने अंकुर मरतो आणि दाणा वरून धडधाकट दिसतो. कृषी खात्याने त्या वर्षी एक जुनीच गोष्ट पुन्हा सांगितली: घरचे बियाणे वापरा, पण उगवण तपासून वापरा. ही तपासणी तिसरीतले मूलही करील. सरसकट शंभर दाणे घ्यावेत, निवडून नव्हे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडाव्यात, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. चार-पाच दिवसांनी उलगडून मोजावे. सत्तर किंवा अधिक अंकुर निघाले तर नेहमीच्या मापाने पेरा. साठ-पासष्ट निघाले तर बियाणे थोडे वाढवा. पन्नासही निघाले नाहीत तर ते बियाणे तेल गाळायला द्या, जमिनीत घालू नका.

भाज्यांचे बी धरतानाही थोडे तारतम्य हवे. चवळी, वाल, गवार, मेथी यांचे घरचे बी चांगले येते. दुधी, दोडका, कारले यांच्या फुलांवर मधमाश्या फिरतात. शेजारी दोन वाणांचे दुधी असतील तर बी मिसळते. तेव्हा जोमदार वेलावरची दोन-तीन फळे वेलावरच पूर्ण पिकू द्यावीत आणि आसपास एकच वाण ठेवावा. विकत आणलेल्या संकरित बियाण्याचे बी मात्र धरू नये. पुढच्या पिढीत त्याचे गुण फुटतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता देशी वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राख लावलेली, मडक्यात जपलेली मूठभर बी किती मोलाची, हे त्या वर्षी साऱ्यांना कळले.

इथवर ऐकून एखादी गृहिणी म्हणेल, "सर, तुमचं सगळं खरं. पण हे करायचं कुणी?" प्रश्न रास्त आहे. टाळेबंदीत घरची माणसे सगळी घरात आली, मुले घरी, पुरुष घरी, मुंबईची मंडळीही घरी. पण चूल एकच आणि तिच्यापुढची बाई एकच, असे कित्येक घरांत झाले. घर स्वावलंबी झाले म्हणायचे आणि त्याचे सगळे ओझे एका माणसाच्या पाठीवर टाकायचे, याला स्वावलंबन म्हणता येणार नाही. पाणी काढणे, वाफे करणे, गोण्या उन्हात नेणे, डाळ भरडणे, कुरडया घालताना चीक घोटणे ही दमाची कामे पुरुषांनी घ्यावीत. कोंबड्या झाकणे, अंडी मोजून लिहिणे, वेलांना पाणी घालणे ही मुलांची कामे. आणखी एक साधा विचार करा. साथीत घरची बाईच आजारी पडली तर काय? ज्या घरात भाकरी फक्त तिलाच थापता येते, त्या घराचे बंद दाराचे दिवस तिच्या तब्येतीइतकेच. म्हणून मुलग्यांनाही भाकरी थापता आली पाहिजे.

आता जे घरी होत नाही त्याविषयी. मीठ घरी होत नाही. काडेपेटी, गॅस, साबण घरी होत नाहीत. साबण मुद्दाम सांगतो. करोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. साबणाने ते फुटते. म्हणून वीस सेकंद चोळून हात धुवायला सांगतात. एक वडी कितीतरी दिवस पुरते. ती घरात जास्तीची असावी. त्याहून महत्त्वाची औषधे. ज्यांना रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या रोज लागतात, त्यांच्याजवळ महिन्याचा साठा हवा. टाळेबंदीत ज्वारीवाचून अडले नाही, पण गोळ्यांवाचून अडले अशी घरे पुष्कळ होती.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उपचार आणि लस. परसातली तुळस, आले, हळद यांचा काढा घशाला बरा वाटतो, जरूर घ्यावा. पण काढा म्हणजे उपचार नव्हे. ताप उतरत नाही, धाप लागते, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली जातो, अशा वेळी घरात बसणे हे स्वावलंबन नाही, तो हट्ट आहे. "घरीच बरं होईल" म्हणत शेवटच्या दिवशी दवाखान्यात नेलेली माणसे परत आली नाहीत. लसीचेही तसेच. प्लेगच्या वेळी हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. आपल्या देशात करोनाची लस द्यायला १६ जानेवारी २०२१ रोजी सुरुवात झाली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. घरची साठवण आपल्याला लस येईपर्यंत वेळ मिळवून देते. लसीचे काम ती करू शकत नाही.

आता शेवटचा आणि अवघड प्रश्न. ज्यांच्याकडे कणगीच नाही त्यांनी काय साठवायचे? ज्याला आजची मजुरी आज मिळाली तरच संध्याकाळी पीठ आणता येते, त्याला तीन महिन्यांचा हिशेब सांगणे ही थट्टा होईल. ८ मे २०२० ची पहाट आठवा. तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर थकून झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. सोळा जण मेले. ती माणसे जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे पायी निघाली होती. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या. वाटेची शिदोरी त्यांनी स्वतः बांधून घेतली होती. स्वावलंबनात ती कुठेच कमी नव्हती. कमी पडले ते त्यांच्याभोवतीचे सगळे.

म्हणून बंद दाराचे दिवस एकेका घराचे मोजून भागत नाही, साऱ्या गावाचे मोजले पाहिजेत. एका घरात माणूस उपाशी असेल तर तो बाहेर पडणारच, आणि तो बाहेर पडला की साथ त्याच्याबरोबर फिरणारच. एप्रिल २०२० पासून सरकारने रेशनकार्डावर दरडोई दरमहा पाच किलो जादा धान्य मोफत दिले, त्याने पुष्कळ घरे तरली. पण ज्यांचे कार्ड दुसऱ्या गावी होते, ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेले होते, त्यांची परवड झाली. तिथे गावाने पुढे यायला हवे. आपल्याकडे इर्जिक आहे, सावड आहे; एकाच्या रानात सगळ्यांनी राबायचे आणि उद्या दुसऱ्याच्या. तीच रीत धान्याला लावता येते. सुगीला प्रत्येक खळ्यावरून पायलीभर दाणे गावच्या कोठीत घालावेत. ज्याला गरज पडेल त्याने न्यावेत, जमेल तेव्हा फेडावेत. आपल्या भाषेत रोगाच्या फैलावालाही साथ म्हणतात आणि सोबतीलाही साथच म्हणतात. पहिलीला आवरायचे तर दुसरी लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, यातले पुष्कळसे काम तुमच्या वर्गात होऊ शकेल. शंभर दाण्यांची उगवण मोजणे म्हणजे शेकडेवारीचा धडा. घरातल्या जिनसांची यादी करून कोणता जिन्नस आधी संपेल ते काढणे म्हणजे भागाकार. आंघोळीचे पाणी मोजणे म्हणजे मापन. शाळेच्या मागे दोन वाफे आणि वर्गात बियांच्या दहा बाटल्या, प्रत्येकीवर वाणाचे नाव, गाव आणि तारीख, एवढे झाले तरी चांगली सुरुवात होईल. वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलाने त्यातली चिमूटभर बी घरी न्यावी आणि पुढच्या वर्षी दुप्पट परत आणावी.

तेव्हा श्रोतेहो, हे भाषण वाचून झाल्यावर मोठे काही करू नका. एक कागद घ्या. डावीकडे घरातले दहा जिन्नस लिहा, उजवीकडे ते किती दिवस पुरतील ते लिहा. सर्वांत लहान आकड्याभोवती वर्तुळ काढा. या महिन्यात तेवढा एकच आकडा वाढवा, पुढच्या महिन्यात त्याच्या वरचा. आणि तोच कागद एकदा शेजारच्या घरीही करून पाहा, विशेषतः जिथे कणगी नाही त्या घरी. त्यांचा सर्वांत लहान आकडा तुमच्या कोठीतून वाढवता येतो का ते पाहा.